पायरीवर बांधलेलं घर

1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारं वाहन मोटारगाडी नव्हतंच. तो मान फोर्डच्या एफ मालिकेतल्या पिकअप ट्रकचा होता: पुढे दोघातिघांची केबिन आणि मागे उघडा हौदा. शेतकरी, सुतार, गवंडी ही गाडी कामासाठी घेत आणि शहरातली तरुण मुलं ऐटीसाठी. तरीही मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकारला पिकअपसाठी स्वतंत्र मालिका काढावीशी वाटायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. आणि ही संस्था 1948 साली उभी राहिली ती नेमकी याच कल्पनेवर, की दुकानात मिळते तशीच गाडी मैदानात पळवायची.

ती मालिका निघाली तेव्हा तिच्या पहिल्या मोसमात छत्तिशी ओलांडलेला कॅलिफोर्नियाचा एक माणूस उतरला. रॉन हॉर्नडे ज्युनियर त्याचं नाव. पुढच्या दोन दशकांत त्यानं या मालिकेत 360 शर्यती केल्या, 51 जिंकल्या आणि चार वेळा वर्षाचं विजेतेपद मिळवलं. ट्रकच्या शर्यतींचा इतिहास सांगायचा तर बरंचसं त्याचंच चरित्र सांगावं लागतं. शिवाय या मालिकेकडे बघण्याची जी रूढ नजर होती, ती बदलायलाही त्याचीच कारकीर्द कारणीभूत ठरली, असं या लेखाचं म्हणणं आहे.

रूढ नजर सांगायला सोपी आहे. नॅसकारचे तीन मजले. सगळ्यात वर कप मालिका. पैसा, प्रसिद्धी, डेटोना 500 सारख्या शर्यती सगळं तिथे. तिच्याखाली त्या काळी बुश मालिका म्हणून ओळखली जाणारी दुसरी आणि तळाला ट्रक. तळाच्या मजल्यावर पोरांनी शिकायचं, चमकायचं आणि वर निघून जायचं. जो तिथेच राहिला त्याला वर जाता आलं नाही, असा हिशेब लोक मनातल्या मनात मांडून मोकळे होत. हॉर्नडेच्या बाबतीत तो हिशेब चुकला.

ट्रकच्या शर्यतीची कल्पना आली वाळवंटातून. डिक लँडफील्ड, जिमी स्मिथ, जिम व्हेनेबल आणि फ्रँक व्हेसेल्स हे चौघं धुळीतल्या, खडकाळ, लांब पल्ल्याच्या शर्यतींतले लोक. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात आणि कॅलिफोर्नियाच्या रखरखीत पठारांवर पिकअप पळवणं त्यांच्या रक्तातच होतं. हाच पिकअप डांबरी गोलावर उतरवला तर, असा विचार त्यांनी केला आणि थेट नॅसकारचं दार ठोठावलं. नमुन्याचा ट्रक कॅलिफोर्नियातच तयार झाला आणि 1994च्या डेटोना 500च्या वेळी लोकांसमोर मांडला गेला. त्या वर्षी पश्चिमेकडच्या लहान मैदानांवर काही प्रदर्शनीय शर्यती झाल्या. प्रतिसाद असा आला की पुढच्याच वर्षी संपूर्ण मोसम आखला गेला. सीअर्स कंपनीच्या क्राफ्ट्समन या हत्यारांच्या नावानं मालिका सुरू झाली. पाने आणि स्क्रूड्रायव्हर विकणाऱ्या कंपनीला पिकअपवाल्या गिऱ्हाइकापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे सापडणार होतं?

पहिली शर्यत 5 फेब्रुवारी 1995 रोजी ॲरिझोनातल्या फीनिक्सला झाली. माइक स्किनर आणि कप मालिकेतला नावाजलेला टेरी लाबाँटी शेवटच्या रेषेपर्यंत जवळजवळ खांद्याला खांदा लावून आले आणि स्किनर निसटता जिंकला. पहिल्याच दिवशी असा शेवट लाभणं हे मालिकेचं भाग्य.

रेसिंगचा ट्रक दिसायला पिकअप असला तरी आतून सगळा वेगळा असतो. पोलादी नळ्यांचा सांगाडा, हॉर्नडेच्या काळात 5.9 लिटरचं व्ही-आठ इंजिन, सुमारे दीड टन वजन आणि मागचा हौदा सपाट पत्र्यानं झाकलेला. चालवणाऱ्याला मात्र त्याचा बाहेरचा आकारच सतत जाणवत राहतो. उंच केबिन वारा अंगावर घेते आणि तिच्यामागे कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो. मागचा ट्रक सरळ रस्त्यावर त्या पट्ट्यात शिरला की त्याला फुकटचा वेग मिळतो. पण तसाच वळणावर गेला, तर नाकावरचा हवेचा दाब नाहीसा होऊन पुढची चाकं वळायचं नाव घेत नाहीत. दोन ट्रक बाजूबाजूनं धावू लागले की आतल्या ट्रकचं मागचं टोक डगमगतं. म्हणून इथे ओलांडून जाणं हे धाडसाइतकंच अंदाजाचं काम असतं. कुठे दबून राहायचं, कुठे शिरायचं, समोरच्याला किती जागा ठेवायची हे वर्षानुवर्षांच्या सरावानंच उमजतं. वय वाढलेल्या चालकांना ट्रकमध्ये जे यश मिळत आलं त्याचं एक कारण मला यातच दिसतं.

सुरुवातीच्या काळातली आणखी एक रीत आज ऐकायला नवलाची वाटते. शर्यत अर्ध्यावर थांबवून चक्क मध्यंतर दिलं जाई. टुसानसारख्या लहान मैदानांवर टायर-पेट्रोलसाठी थांबायला धड पिट नव्हते आणि चालू शर्यतीत काही सेकंदांत चारही टायर बदलणारी तरबेज माणसं पदरी ठेवणं गरीब संघांना परवडणारं नव्हतं. म्हणून अर्ध्या शर्यतीनंतर ट्रक उभे करायचे, टायर बदलायचे, पेट्रोल भरायचं, स्प्रिंग आणि पाचरी बदलून गाडी सुधारायची. तेवढ्यात टीव्हीवाले घामेजलेल्या चालकांपुढे माइक धरायचे. पहिल्या अर्ध्यात मागे पडलेला संघ या वेळात गाडीचा रोग ओळखून दुसऱ्या अर्ध्यात पार बदललेला ट्रक घेऊन यायचा. 1998च्या सुमारास ही पद्धत गेली आणि नेहमीचे पिट-थांबे आले. खर्च वाढला, मालिका मोठी झाली. तिचा घरगुतीपणा मात्र त्या मध्यंतराबरोबरच ओसरायला लागला.

त्या घरगुती जगातच हॉर्नडे घडला. जन्म 20 जून 1958, गाव पामडेल. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की लागणारं हे वाळवंटातलं, विमानांच्या कारखान्यांचं गाव. वडील रॉन हॉर्नडे सीनियर यांनी 1963 आणि 1964 अशी सलग दोन वर्षं नॅसकारच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मालिकेचं विजेतेपद जिंकलेलं. मुलगा आधी मोटारसायकल आणि गो-कार्ट चालवायला लागला आणि मग वडिलांच्याच वाटेनं डांबरी गोलावर आला.

त्या भागातलं मोठं आकर्षण होतं सॉगस स्पीडवे. त्या मैदानाची कथा ऐकण्याजोगी आहे. मुळात तो रोडिओचा आखाडा होता, म्हणजे काउबॉय लोकांच्या कसरती आणि बिथरलेल्या घोड्यांवरच्या स्वाऱ्या. मूकपटांच्या काळातला काउबॉय नट हूट गिब्सन यानं तो काही काळ विकत घेतला होता. पुढे तिथे मोटारी धावू लागल्या. मैलाचा एक तृतीयांश घेर, जवळजवळ सपाट वळणं. अशा वळणावर गाडीला जमिनीचा उतार सावरून घेत नाही. ब्रेक, सुकाणू आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ चालकालाच घालावा लागतो. नव्या ट्रक मालिकेची एक शर्यत 1995 साली या मैदानावर झाली आणि त्याच वर्षी प्रेक्षकांच्या बाकांचा सांगाडा धोकादायक ठरून सॉगस कायमचं बंद पडलं. बेकर्सफील्डचं मेसा मरीन हे मैदान आणखी दहा वर्षं तगलं आणि मग तेही गेलं. कॅलिफोर्नियाच्या ज्या मातीत ट्रकची शर्यत उगवली, ती मातीच पुढे तिच्या पायाखाली राहिली नाही. या गोष्टीची खंत अमेरिकन रेसिंगच्या इतिहासात फारशी कोणी नोंदवत नाही. ती नोंदवायला हवी.

1992 आणि 1993 साली हॉर्नडेनं नॅसकारच्या साउथवेस्ट टूरचं विजेतेपद मिळवलं. पश्चिमेत नाव झालं, पण नॅसकारचं खरं राज्य तीन-चार हजार किलोमीटर दूर, नॉर्थ कॅरोलायनात. तिथल्या संघमालकांच्या लेखी पश्चिमेकडचा चालक म्हणजे परगावचा माणूस. शिवाय वय पस्तिशीच्या पुढे गेलेलं. अशा माणसाला बोलावणं येण्याची शक्यता जवळजवळ संपलेली असते.

ते आलं टीव्हीमुळे. हिवाळ्यात मोठ्या मालिका बंद असतात, तेव्हा ॲरिझोनातल्या टुसानला ‘विंटर हीट’ नावाची स्पर्धा केबल टीव्हीवर दाखवली जाई. ती बघणाऱ्यांत एक प्रेक्षक होता डेल अर्नहार्ट. 1994 साली कप मालिकेचं सातवं विजेतेपद मिळवून तो रिचर्ड पेटीच्या विक्रमाशी बरोबरीला आला होता. समोरच्याला धक्का देऊन वाट काढण्यात अर्नहार्टचा हात धरणारा कोणी नव्हता. टुसानच्या लहान गोलावर हॉर्नडेची झुंज बघून त्याला आपल्याच जातीचा माणूस दिसला असणार. अर्नहार्टनं फोन केला, हॉर्नडेला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय, आणि त्यानं फोन ठेवून दिला, अशी गोष्ट नॅसकारच्या वर्तुळात वर्षानुवर्षं सांगितली जाते. थट्टा नव्हती. 1995च्या मोसमात अर्नहार्टच्या संघाचा 16 क्रमांकाचा शेव्हरोले ट्रक हॉर्नडेच्या हाती आला.

पहिल्या वर्षी सहा विजय आणि गुणांत तिसरा क्रमांक. विजेतेपद स्किनरला गेलं. 1996 साली ते हॉर्नडेनं घेतलं. 1997 साली त्यानं सात शर्यती जिंकल्या, तरी वर्षाअखेर तो पाचवा राहिला, कारण गुणांचा हिशेब विजयांपेक्षा सातत्याला मान देणारा होता. एका शर्यतीत इंजिन फुटलं की महिन्याभराची कमाई जायची.

मग आलं 1998. हेंड्रिकच्या संघाचा जॅक स्प्रेग हा आदल्या वर्षीचा विजेता, आणि त्याची नि हॉर्नडेची चढाओढ अख्खा मोसम चालली. लास व्हेगासला शेवटची शर्यत स्प्रेगनंच जिंकली. त्याला याहून जास्त काही करता येण्यासारखं नव्हतं. तरी बेरीज झाली तेव्हा हॉर्नडे 3 गुणांनी पुढे होता. वीसहून अधिक शर्यतींच्या मोसमात तीन गुण म्हणजे कुठल्या तरी विसरलेल्या शनिवारी मागे टाकलेला एखादा ट्रक. दहावा की अकरावा या प्रश्नासाठी त्या दिवशी केलेल्या धडपडीची किंमत नोव्हेंबरमध्ये कळली.

त्या वर्षांत अर्नहार्टचं बस्तान झपाट्यानं वाढत होतं. नॉर्थ कॅरोलायनात मूर्सव्हिलजवळ त्यानं काचेच्या भिंतींचा एवढा भपकेबाज कारखाना बांधला की लोक त्याला ताजमहालाच्या चालीवर ‘गॅराज महाल’ म्हणू लागले. त्या महालाच्या पायात ट्रकच्या विजयांचे बरेच दगड होते. हॉर्नडेनं 1999पर्यंत अर्नहार्टसाठी 25 शर्यती जिंकल्या.

मूर्सव्हिलच्या परिसरातल्या हॉर्नडेच्या घराची कथा त्या विजयांइतकीच महत्त्वाची आहे. कॅलिफोर्नियाहून नशीब काढायला येणाऱ्या पोरांना तिथे आसरा मिळे. खिशात पैसे नसत, ओळखीचं कोणी नसे, संघमालक भेटीची वेळ देत नसत. हॉर्नडे आणि त्याची बायको लिंडी यांच्या बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपून दिवस काढलेल्या मुलांत बेकर्सफील्डचा केव्हिन हार्विक होता आणि एल कहोनचा जिमी जॉन्सन होता. जॉन्सन पुढे सात वेळा कप मालिकेचा विजेता झाला. हार्विकनं 2007ची डेटोना 500 आणि 2014चं विजेतेपद जिंकलं. त्या सोफ्याचा उल्लेख दोघांच्याही कहाण्यांत येतो. हॉर्नडे स्वतः तेव्हा काही फार बड्या पगाराचा माणूस नव्हता. दूरच्या मुलखातून येऊन या धंद्यात शिरणं किती कठीण असतं हे त्यानं भोगलेलं होतं, आणि म्हणून त्यानं दार उघडं ठेवलं. मला त्याच्या 51 विजयांपेक्षा ही गोष्ट कणभरही कमी मोलाची वाटत नाही.

2000 साली अर्नहार्टनं त्याला वरच्या मजल्यावर, बुश मालिकेत आणलं. तिथे त्यानं दोन शर्यती जिंकून पाचवा क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी तो सगळ्यात वर पोहोचला. ए. जे. फॉइट हा इंडियानापोलिस 500 चार वेळा जिंकलेला दिग्गज, त्याच्या संघाची 14 क्रमांकाची पाँटिॲक गाडी हॉर्नडेला मिळाली. वय 42. अख्ख्या मोसमात पहिल्या दहांत येणं एकदाच जमलं, लास व्हेगासला नववा. फॉइटचं नाव मोठं असलं तरी त्याचा संघ कप मालिकेत मागच्या रांगेतला होता, आणि मागच्या रांगेतल्या गाडीत बसून चालकाची गुणवत्ता सिद्ध होत नसते. पण निकालाच्या तक्त्यात गाडीचा दर्जा छापून येत नाही. वर्ष संपलं आणि हॉर्नडेची कप मालिकेतली पूर्ण मोसमाची कारकीर्दही संपली.

त्याच मोसमाच्या पहिल्या शर्यतीत, 18 फेब्रुवारी 2001 रोजी, डेटोना 500च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळून गेला. अमेरिकन रेसिंगचा तो सगळ्यात काळा दिवस. अर्नहार्ट ज्याच्या संघातून धावत असे त्या रिचर्ड चाइल्ड्रेसनं मोकळ्या जागेवर बसवलं केव्हिन हार्विकला. हॉर्नडेच्या सोफ्यावर झोपणाऱ्या या मुलानं तिसऱ्याच शर्यतीत अटलांटाला विजय मिळवला. हॉर्नडेला ज्यानं वर आणलं त्याच्या मागची जागा हॉर्नडेनं ज्याला आसरा दिला त्यानं घेतली. कादंबरीत लिहिलं तर वाचक म्हणतील की लेखकानं फारच जुळवून आणलंय.

चाइल्ड्रेससाठी हॉर्नडे 2003 आणि 2004 साली बुश मालिकेत धावला. 2003 साली तो गुणांत तिसरा आला. वाईट कामगिरी नव्हे, पण चाळिशीच्या मध्यावर आलेल्या चालकासाठी पुढचं दार बंद झाल्याचं स्पष्ट होतं. तेव्हा हार्विकनं हाक मारली. हार्विक आणि त्याची बायको डेलाना यांनी स्वतःचा संघ उभा केला होता. त्या संघाचा ट्रक 2005पासून हॉर्नडेनं चालवावा असं ठरलं. एकेकाळचा पाहुणा आता मालक झाला होता.

खाली उतरताना हॉर्नडेला काय वाटलं असेल याच्या कल्पना करण्यापेक्षा त्यानं काय केलं ते पाहावं. पहिल्या वर्षी एक विजय, दुसऱ्या वर्षी दोन. 2007 साली चार विजय आणि विजेतेपदासाठी पुन्हा जुना प्रतिस्पर्धी माइक स्किनर, 1995चा पहिला विजेता. होमस्टेडच्या शेवटच्या शर्यतीआधी स्किनर पुढे होता. त्या रात्री स्किनरच्या ट्रकच्या चाकाशी बिघाड झाला, तो फेऱ्यांमागून फेऱ्या गमावत गेला आणि हॉर्नडेनं 54 गुणांच्या फरकानं तिसरं विजेतेपद घेतलं. पहिल्याच मोसमात मालिकेत उतरलेले दोन पन्नाशीला टेकलेले चालक बारा वर्षांनंतरही तिचा निकाल ठरवत होते. स्किनरच्या हाती त्यानंतर दुसरं विजेतेपद कधीच लागलं नाही, आणि त्या रात्री त्याची चालक म्हणून काहीही चूक नव्हती.

2008 साली पारडं उलटलं. सहा विजय मिळवूनही हॉर्नडे जॉनी बेन्सनच्या 7 गुण मागे राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक वेगळंच वादळ उठलं. 2004 ते 2006 या काळात हॉर्नडेनं टेस्टोस्टेरॉनचं मलम वापरल्याची बातमी ईएसपीएननं दिली. त्यानं ते नाकारलं नाही. त्या काळात त्याचं वजन झपाट्यानं घटत होतं, अंगात ताकद राहत नव्हती आणि कारण सापडत नव्हतं. पुढे ग्रेव्ह्‌ज डिसीज हा थायरॉइडचा विकार असल्याचं निदान झालं. नॅसकारनं त्याच्याशी बोलून कारवाई न करण्याचा निर्णय घेतला. पण त्याच वर्षी ॲरन फाइक या दुसऱ्या एका ट्रक चालकानं शर्यतीच्या दिवशीसुद्धा हेरॉइन घेतल्याची कबुली दिलेली होती. नॅसकारनं 2009पासून सरसकट, अचानक होणाऱ्या चाचण्या लागू केल्या. हॉर्नडेनं डॉक्टरी मार्गानं आणि नॅसकारला कळवून औषध घेतलं असतं तर त्याच्यावर ही वेळ आली नसती, हे खरं. आजार लपवून गाडीत बसणं हा त्या पिढीतल्या चालकांचा अंगवळणी पडलेला धर्म होता, हेही तितकंच खरं.

आणि मग 2009. जूनमध्ये त्याला 51 वर्षं पूर्ण झाली. त्याच महिन्यात मिलवॉकीला तो जिंकला. मग मेम्फिस, केंटकी, इंडियानापोलिसजवळचं लहान मैदान आणि नॅशव्हिल. लागोपाठ पाच. ट्रक मालिकेत असं आधी कोणीच केलं नव्हतं. ही पाचही मैदानं एका साच्यातली नव्हेत हे ध्यानात घ्यायला हवं. मिलवॉकी सपाट आणि जुनं, केंटकी दीड मैलाचं आणि खडबडीत, नॅशव्हिलला काँक्रीट. प्रत्येक ठिकाणी ट्रकची मांडणी वेगळी लागते आणि पायांची सवयही. शेवटून दुसरी शर्यत फीनिक्सला होती आणि तिथेच चौथं विजेतेपद पक्कं झालं. एवढ्या वयात या मालिकेचा विजेता झालेला दुसरा कोणी नाही.

2011 साली 51वा विजय मिळाला, तो त्याचा शेवटचा. मोसमाच्या अखेरीस तो पुन्हा विजेतेपदाच्या झुंजीत होता, तोच 4 नोव्हेंबरला टेक्ससला ती कुप्रसिद्ध घटना घडली. चौदाव्या फेरीच्या आसपास हॉर्नडेचा ट्रक घसरून कप मालिकेतला चालक काइल बुश याच्या ट्रकला लागला, दोघेही भिंतीला घासले आणि पिवळं निशाण झालं. पिवळं निशाण म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करून रांगेत चालायचं. बुशनं मात्र हॉर्नडेच्या मागच्या टोकाला नाक लावून त्याला वेगानं ढकलत नेऊन भिंतीवर घातलं. विजेतेपद तिथेच गेलं. नॅसकारनं बुशला त्या शर्यतीतून तर काढलंच, शनिवार-रविवारच्या बाकीच्या शर्यतींतही, कप मालिकेच्या शर्यतीसकट, उतरू दिलं नाही. नंतर 50,000 डॉलरचा दंड झाला आणि त्याच्या कप गाडीच्या मुख्य प्रायोजकानं उरलेल्या दोन शर्यतींसाठी आपलं नाव काढून घेतलं.

हॉर्नडेची बाजू घेणाऱ्यांना 2013चं रॉकिंगहॅम मात्र अडचणीचं वाटतं. तिथे पिवळ्या निशाणाखाली हॉर्नडेनं तरुण डॅरेल वॉलेसला तसंच भिंतीवर घातलं. त्याला 25 गुण आणि 25,000 डॉलरचा दंड झाला, शर्यतीबाहेर मात्र काढलं गेलं नाही. दोन शिक्षांतली तफावत अनेकांना खटकली, ती रास्तच होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच दीड वर्षात तो दुसऱ्यावर केला. या माणसाविषयी आदर बाळगूनही ही नोंद वगळता येत नाही.

तोवर उतरण लागलेली होती. हार्विकनं 2011च्या शेवटी संघ बंद केला. ट्रकचा संघ चालवण्याचा खर्च आणि त्यातून मिळणारी बक्षिसं यांची तोंडमिळवणी कधीच होत नव्हती आणि प्रायोजक आटले होते. पुढची तीन वर्षं हॉर्नडे वेगवेगळ्या संघांतून धावला. 2014 साली, 56व्या वर्षी, ज्या संघात होता तोच आर्थिक अडचणीत सापडला आणि मोसम पुरा होण्याआधीच त्याचा ट्रक उभा राहिला. 2015च्या सुरुवातीला एका चिमुकल्या संघासाठी त्यानं कप मालिकेत थोडी धडपड केली आणि कारकीर्द थांबली.

2018च्या जानेवारीत शार्लटच्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्या वर्षीच्या पाच मानकऱ्यांत नॅसकारचा अगदी पहिला विजेता रेड बायरन होता, जेफ गॉर्डनला घडवणारा रे एव्हर्नहॅम होता, समालोचक केन स्क्वायर आणि इंजिनांचा जादूगार रॉबर्ट येट्स होते. कप मालिकेत एकही विजय नसलेला आणि ट्रकच्या जोरावर आलेला हॉर्नडे हा पहिलाच. तळमजल्यावर राहून मिळवलेलं प्रभुत्व हेही प्रभुत्वच, हे संस्थेला त्या दिवशी अधिकृतपणे मान्य करावं लागलं.

एका वर्षानं, फेब्रुवारी 2019मध्ये, अटलांटाला त्याचा विजयांचा विक्रम मोडला. मोडणारा होता काइल बुश, 52वा विजय. बुशची गुणवत्ता वादातीत आहे. त्यानं हॉर्नडेच्या निम्म्याहूनही कमी शर्यतींत हा आकडा गाठला आणि त्या वर्षी उतरलेल्या पाचही ट्रक शर्यती जिंकल्या. पण तो कप मालिकेतला स्थिरावलेला चालक, स्वतःच्या संघाच्या उत्तम ट्रकमध्ये निवडक शर्यतींना येणारा. अशा चालकांनी तळमजल्यावरच्या पोरांचे घास काढू नयेत म्हणून नॅसकारला त्यांच्या शर्यतींवर वर्षाला मर्यादा घालावी लागली. शिवाय 2011पासून चालकाला कुठल्या तरी एकाच मालिकेत गुण कमावता येतात, त्यामुळे बुशच्या त्यानंतरच्या ट्रक विजयांचा विजेतेपदाशी संबंधच उरला नाही. वर्षभर प्रत्येक मैदानावर हजर राहून, फुटलेल्या इंजिनांचा आणि अकराव्या क्रमांकांचा हिशेब देऊन मिळणारी विजेतेपदं जॅक स्प्रेगनं तीन मिळवली आणि मॅट क्राफ्टननं तीन. हॉर्नडेची चार आहेत.